डाव्या चाकाखालचा पेपर

पुढच्या डाव्या चाकाखालचा पेपर मी बदलला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. चार वर्षं झाली. मी मुळात कमी बोलणारा माणूस, त्यामुळे गप्प राहण्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पण चाकाखाली पेपर कशासाठी असतो हे कळल्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही, आणि ते कळायला आधी काका कळायला हवेत. तेव्हा काकांपासून सुरू करतो. त्यात माझाही थोडा फायदा आहे. काकांबद्दल बोलताना माणूस खुशीत येतो आणि पुढचं बोलायला धीर होतो.

काका म्हणजे आमचे घरमालक. रायपूरच्या समता कॉलोनीत ते आणि काकू खाली राहतात, आम्ही वर. घर पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, घरात मटण शिजतं का तेही विचारलं नाही. म्हणाले, "गाडी कोणती?"

"स्कूटर आहे."

"आणली?"

बाहेर उभी होती. काकांनी घरातून एक शिळा हिंदी पेपर आणला, स्कूटर आत घ्यायला लावली, तिच्याखाली पेपर पसरला आणि मला म्हणाले, "चला, चहा घेऊ." चहा झाला, दुसरा झाला, काकूंनी चकली आणली. मी दोनदा भाड्याचा विषय काढला. काका दोन्ही वेळा म्हणाले, "थांबा ना जरा, रिपोर्ट येऊ द्या." तासाभरानं ते उठले, पेपर काढला, फाटकापाशी उन्हात धरला, आधी चष्म्यातून आणि मग चष्मा कपाळावर चढवून पाहिला, आणि आतल्या बाजूला आवाज दिला, "कोरडा आहे वं." मग मला म्हणाले, "सामान कधी आणता?"

ते रेल्वेतून निवृत्त झालेले. वॅगन दुरुस्तीत होते, चौतीस वर्षं, सगळी ब्रेकवर. आजोबा वर्ध्याकडून नोकरीला रायपुरात आले आणि चौथ्या पिढीत घरातलं मराठी जेमतेम शिल्लक राहिलं होतं. मुलगी पुण्याला असून फोनवर हिंदीतच बोलायची. काका मात्र कुणाशीही आपली भाषा सोडत नसत. समोर दवाखाना आहे, तिथले डॉक्टर छत्तीसगढी. काका त्यांच्याशी मराठीत बोलत, डॉक्टर हिंदीत उत्तर देत, आणि दोघांचं चांगलं जमे. डॉक्टर त्यांना ब्रेकवाले अंकल म्हणायचे. कॉलोनीत सगळेच म्हणायचे.

कारण त्यांची गाडी. टमाट्यासारखी लाल, छोटी, जुनी चारचाकी. पोरं तिला टमाटरच म्हणत. इंजिनाला, क्लचला, रंगाला काका ती गॅरेजला देत, तिथल्या पोरांशी गप्पा मारत, चहा पाजत. ब्रेकला मात्र परक्याचा हात लागू देत नसत. मी एकदा विचारलं, ब्रेकलाच काहून नाही?

"दात कोण घासते तुझे?"

"मीच."

"मग. काही कामं माणसानं आपली आपण करावी बाबू. दाढी दुसरा करून देईन, जेवण दुसरा रांधून देईन. ब्रेक नाही."

त्यांना चारचाकीच्या ब्रेकबद्दल एक कायमची तक्रार होती आणि ती ते कुणालाही, अगदी दूधवाल्यालाही ऐकवत. रेल्वेचा ब्रेक हवेवर चालतो. तिथं नळी फुटून हवा निघून गेली की ब्रेक आपोआप लागतात, गाडी जागच्या जागी उभी राहते. चारचाकीत तेल असतं. इथं गळती झाली की ब्रेक लागतच नाहीत. "म्हणजे पाहा," काका म्हणायचे, "रेल्वे बिघडली की थांबते. हे बिघडलं की थांबत नाही. ज्यानं बनवलं त्यानं उलटा विचार केला. आता त्याचं उलटं सुलटं कराले मी बसलो आहो." दूधवाला म्हणे, "हव, काका," आणि पिशव्या ठेवून निघे.

म्हणून काकांचं सारं शास्त्र एका गोष्टीभोवती फिरे. तेल गळू नये. काम करताना नाही, काम झाल्यावर नाही. एक थेंब रंगावर पडला की रंग फुगून पोपडा निघतो, फरशीवर पडला की डाग राहतो, आणि जोडातून निघत राहिला तर माणूस राहत नाही. यासाठी त्यांनी जमवलेली हत्यारं कुठल्या दुकानात मिळाली नसती. तेलाच्या डबीचं झाकण उघडलं की तोंडावर दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा ठेवायचा आणि वरून झाकण पुन्हा आवळायचं. मग हवा आत जात नाही आणि खाली नळी सोडली तरी धार लागत नाही. सोडलेल्या नळीच्या तोंडावर डोळ्यांच्या औषधाच्या ड्रॉपरचं रबर. ते समोरच्या दवाखान्यातून येई. डॉक्टर म्हणायचे, "अंकल, आपकी गाड़ी को मोतियाबिंद है क्या?" आणि सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकवायला एक काठी, पेडल जरासं दाबलेलं राहील आणि डबीतलं तेल खाली उतरणार नाही इतक्या मापाची. ती मच्छरदाणीची होती. काका म्हणायचे, जगात एवढ्या मापाची दुसरी काठी नाही. तेव्हापासून काकूंच्या मच्छरदाणीचा एक कोपरा खिडकीच्या गजाला बांधलेला असे.

आणि पावडर. नवा जोड आवळून, पुसून कोरडा केला की काका त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरायचे. एवढासा ओलावा निघाला तरी पावडर तिथं काळवंडते. त्यामुळे ब्रेकचं काम केलेल्या दिवशी काकांच्या अंगाला तेलाचा नाही, गुलाबाचा वास यायचा. काकू म्हणायच्या, "माझ्या लग्नात नव्हते लावले एवढे पावडर, आता गाडीखाली जाताना लावतेत."

काकू होत्या म्हणून हे सगळं चाले. नळीत शिरलेली हवा बाहेर काढायची तर दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, एक पेडलवर. पेडलवर काकू. त्यांना गाडी चालवता येत नाही, कधी शिकल्या नाहीत. पण ड्रायव्हरच्या सीटवर त्या अशा बसत की रायपूर ते नागपूर त्यांनीच मारलंय. मांडीवर परात, परातीत वाटाण्याच्या शेंगा किंवा निवडायची मेथी. चाकाखालून काकांचा आवाज येई.

"दाब."

काकू दाबत.

"धर."

काकू धरून ठेवत, दोन शेंगा सोलत. काका बारका नट सैल करत, बुडबुड्यांसह तेल काचेच्या बाटलीत जाई, ते नट पुन्हा आवळत.

"सोड."

काकू सोडत. नट आवळायच्या आत पाय सोडला तर बाहेरची हवा परत आत जाते आणि सगळं पहिल्यापासून. लग्नानंतर पहिल्या वर्षी म्हणे एकदा तसं झालं होतं, कुणाच्या तरी उसन्या जीपवर. काका ते विसरले नव्हते. "तुले सोड म्हटलं होतं का मी?" आणि काकू, "ते साल सोडा न आता." दाब, धर, सोड. रविवारी सकाळी अख्ख्या गल्लीत हे ऐकू येई. समोर डॉक्टरांकडे आलेले पेशंट त्या तालावर श्वास घेत आणि सोडत. डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलं, छाती तपासताना त्यांना वेगळं सांगावं लागत नसे.

पण काकूंचं खरं महत्त्व पायात होतं. पेडल किती घट्ट झालंय हे त्या सांगत, आणि भाषा स्वयंपाकाची असे. "अजून पुरणासारखं लागून राहिलं." मग पुन्हा दाब-धर-सोड. "आता भाकरीच्या पिठासारखं." पुन्हा. "हां. आता पाट्यासारखं." पाटा म्हटलं की काका उठून कंबर धरत.

आणि मग पेपर. चारी चाकांखाली एकेक पान, टायरखाली दबणार नाही असं जोडाच्या बरोबर खाली सरकवलेलं, शिळं, हिंदी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं चाकाचं नाव: पुढचं उजवं, मागचं डावं. गाडी रात्रभर तशीच उभी. सकाळी आंघोळ करून काका ते पेपर एकेक करून काढत, फाटकापाशी उन्हात धरत आणि वाचत. बातम्या नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, "वर छापलं ते खोटं असू शकते. खालून पडलेला डाग खोटा नसते." डाग नसेल तर चाकाच्या नावापुढे "कोरडा" लिहून सही. चारी कोरडे निघाले की चौकातून पोहे-जिलबी, वरच्या मजल्यालाही. एकावरही डाग असेल तर नाश्ता नाही, कपडे बदलून परत गाडीखाली. एकदा एका पेपरवर मोठा पिवळा डाग निघाला. काका हादरले. दोन तास सगळे जोड तपासले, आम्ही सगळे उपाशी. शेवटी काकूंनी तो पेपर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "हे मोहरीचं तेल होय. काल भजे काढले होते त्याच्यावर." काकांनी शांतपणे त्या पेपरवर "कोरडा" लिहिलं आणि कंसात "भजे".

मी नवा रायपुरला सचिवालयात नोकरी करतो. दिवसभर फायली. एक कागद इथून तिथं जातो, त्याचं पुढं काय होतं ते दिसत नाही. संध्याकाळी घरी आलो की काकांच्या गाडीशी उभा राहायचो. पहिल्या वर्षी त्यांनी मला फक्त उजेडासाठी बॅटरी धरू दिली. दुसऱ्या वर्षी पुसायचं फडकं. पाना हातात द्यायला तिसरं वर्ष उजाडलं. "खांद्यानं नको आवळू. मनगटानं. खांद्यात राग असते." कधी चुकलो तर, "काय करून राहिला बे, तुझं पोस्टिंग इथं नाही." मला त्यांच्या शिव्याही आवडायच्या. बाप लवकर गेला होता, हे त्याचं कारण असेल. मी त्यांना ते कधी म्हटलं नाही.

आता तो शनिवार.

पुढच्या डाव्या चाकाची रबरी नळी तडकली होती. नवी आणली होती. काका म्हणाले, "हे चाक तुझं. सुरवातीपासून शेवटपर्यंत. मी पाहतो फक्त." आणि समोर डॉक्टरांना हाक मारून मराठीतच सांगितलं की आज पोट्टा पास होणार. डॉक्टर म्हणाले, "फिर आप इधर आइए, आपका बीपी देखता हूँ, तब तक उसको अकेले करने दीजिए." काका गेले.

नळी ज्या बोल्टनं चाकापाशी बसते त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचं एकेक वॉशर लागतं. नव्या नळीच्या पाकिटात दोन असतात. काकांचा नियम होता: वॉशर नवंच. "तांबं एकदा दबलं की त्यानं आपला शब्द दिला. दुसऱ्याले तो देत नाही." मी पाकीट दातानं फाडलं. एक वॉशर हातात आलं, दुसरं फरशीवर टणटण करत गेलं आणि नालीच्या झाकणाच्या भोकातून आत पडलं.

दुकान वीस मिनिटांवर होतं, उघडं होतं. काकांना समोर जाऊन एवढंच म्हणायचं होतं की पडलं. ते हसले असते. पण डॉक्टरांसमोर सांगावं लागलं असतं, आणि पहिल्याच चाकाला. मी काढलेलं जुनं वॉशर उचललं, पॉलिश पेपरवर घासलं, चकाकलं, बसवलं. बोल्ट मनगटानं आवळला. काका परत आले तेव्हा जोड पुसून ठेवलेला होता. त्यांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं, म्हणाले, "पावडर." मी पावडर भुरभुरली. काकूंनी मेथीची परात घेतली, दाब-धर-सोड झालं, पाट्यापर्यंत आलं. पावडर पांढरी राहिली. काकांनी पेपर पसरले आणि डाव्या चाकाच्या पेपरवर स्वतः लिहिलं, "पुढचं डावं".

रविवारी सकाळी सहाला मी दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली आलो. अजून कुणी उठलं नव्हतं. पेपरवर डाग होता. जुन्या आठ आण्याएवढा, फिका, तेलकट.

मी स्वतःला सांगितलं, हे काल काम करताना ओघळलेलं आहे, नळीच्या बाहेरून आलेलं. तसं होतंही कधीकधी. मी खाली शिरलो, जोड पुसला, बोल्ट पाव फेरा आणखी आवळला. मग वर गेलो, आमच्या रद्दीतून त्याच हिंदी पेपरचं पान आणलं, पेन्सिलीनं कोपऱ्यात "पुढचं डावं" लिहिलं. काकांच्या ढ ला खाली एक गाठ असते, तीही दिली. डागाचा पेपर घडी करून खिशात घातला. हे सगळं करायला पाच मिनिटं लागली.

आठ वाजता काकांनी चारी पेपर वाचले. माझा शेवटी ठेवला. उन्हात धरला, चष्म्यातून, चष्मा वर करून. मग लिहिलं, "कोरडा", सही केली, आणि तो इतरांसारखा रद्दीत न टाकता मला दिला. "हे तुझं सर्टिफिकेट. फ्रेम कर." पोहे-जिलबी आली. डॉक्टरांकडे एक पुडा गेला.

त्या दिवशी आम्ही चौघं, काका, काकू, माझी बायको आणि मी, नवा रायपुरला जाणार होतो. काकूंना मी कुठं काम करतो ते पाहायचं होतं. निघताना काका मागच्या टायरांची हवा तपासत होते तेव्हा काकूंनी गंमत म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल दाबलं आणि म्हणाल्या, "अहो, हे काल पाटा होतं. आज भाकरीचं पीठ आहे."

काका म्हणाले, "पेपर कोरडा आहे."

"पाय सांगून राहिला माझा."

"पायाले काल मेथी निवडून थकवा आला असन. पेपर कोरडा आहे ना, मी पाहिला."

मी मागच्या सीटवर बसलो होतो. मी दार ओढून लावलं.

नवा रायपुरचे रस्ते रविवारी रिकामे असतात. सहा पदरी आणि त्यावर आम्ही आणि दूर एक सायकलवाला. काका खुशीत होते. मोकळा रस्ता पाहून म्हणाले, "आता पाहा, पोट्ट्याचा ब्रेक." आणि जोरात दाबला. गाडी छान थांबली. "पाहिलं? ब्रेक याचा आहे, मी फक्त पाय ठेवतो." पुढं गेले, पुन्हा दाबला, माझ्या बायकोला दाखवायला. ती म्हणाली, "काका, डबा सांडेल." तिसऱ्यांदा एका वळणाआधी दाबला आणि पेडल खाली गेलं.

काकांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीचा अर्थ मला तेव्हा कळला. आवाज चढला नाही. "बसून राहा," म्हणाले. गियर खाली, आणखी खाली, हातानं हँडब्रेक थोडा थोडा ओढत, आणि वळणावर न वळता गाडी सरळ मधल्या दुभाजकाकडे घेतली, जिथं बोगनवेल लावलेली होती. टमाटर बोगनवेलीत शिरली आणि थांबली. काकूंचं कपाळ पुढं आपटलं. मागं माझ्या बायकोच्या मांडीवर डब्यातलं वांग्याचं भरीत.

 मग काकू कपाळ चोळत म्हणाल्या, "थांबली ना. मग झालं." आणि बायकोकडे वळून, "भरीत वाचलं का काही?" बायको हसायला लागली. काकूही. त्यांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ येत होतं आणि काचेवर गुलाबी फुलं होती, आणि त्या दोघी हसत होत्या. मीही हसलो असेन.

काका उतरले. स्वच्छ पांढऱ्या शर्टात रस्त्यावर आडवे झाले आणि खाली पाहिलं. उठून दुभाजकाच्या कडेला बसले. मी जवळ गेलो तर विचारलं, "पुढचं डावं. मी पाहिला होता ना रे पेपर?"

"हो काका," मी म्हणालो.

गाडी ओढून गॅरेजला नेली. जोड काकांनी उघडला नाही. गॅरेजच्या माणसानं संध्याकाळी फोन केला, "वॉशर से लीक था, बदल दिया." काका म्हणाले, वॉशर नवं होतं, वाकडं बसलं असेल. मी त्यांच्यासमोर बसलो होतो. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू तोंड उतरवू नको. शिकणाऱ्याची चूक होतेच. ते पकडाले शिकवणारा असते. डाग असन त्याच्यावर. मलेच दिसला नसन." आणि मग, "तो पेपर आण पाहू."

तेव्हा मी खोटं बोललो. म्हणालो, बायकोनं रद्दीत टाकला.

तो कपाटात आहे. दोन्ही आहेत, डागाचा आणि सहीचा.

महिन्याभरात काका डोळे तपासून आले. सत्तरीला बहुतेकांना असतो तसा मोतीबिंदू निघाला. त्यांनी तो कागद आम्हाला असा दाखवला, जणू शोध लागला होता. डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही म्हणत होते ना, गाडीले मोतीबिंदू. मलेच होता." ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आता ते फाटकातून कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी वाचतात. तरी गाडीखाली गेले नाहीत. मी एकदा म्हटलं, काका, मागचे ब्रेक पाहू या का. म्हणाले, "डोळा नवा बसवला, पण एकदा हुकलेली नजर बसवून मिळत नाही." पाने, काठी, ड्रॉपरची रबरं, सगळी पेटी मला दिली. ती आमच्या जिन्याखाली आहे. मी ती उघडलेली नाही.

ते दुःखी आहेत असं कुणी म्हणणार नाही. टमाटर आता गॅरेजला जाते आणि काका तिथं बाकावर बसून त्या पोरांना रेल्वेचा ब्रेक समजावतात. पोरं म्हणतात, अंकल आला की दिवस जातो. डॉक्टरांशी रोज भांडतात. काकूंच्या मच्छरदाणीला नवी काठी आली, चारी कोपरे ताठ. काकूंनी एकदाही म्हटलं नाही की माझ्या पायानं सांगितलं होतं. मीच वाट पाहत होतो की म्हणतील.

मागच्या महिन्यात मी खाली गेलो तर काकूंच्या न्हाणीघरात प्लंबर होता. नळ टपकत होता. मी काकूंना म्हटलं, एवढ्यासाठी प्लंबर? काका कुठं आहेत?

काकू म्हणाल्या, "बसले आहेत समोरच्या खोलीत. नळालेही हात नाही लावत आता. म्हणतेत, मी आवळलं आणि नाही राहिलं तर? भाऊ, चाळीस वर्षं या माणसाच्या मागं मी ओरडली, हात धुवा, हात धुवा. आता हात धुतलेलेच असतेत दिवसभर. घरात करमून नाही राहिलं."

मी समोरच्या खोलीत गेलो. काका पेपर वाचत होते. बातम्या. मला पाहून बाजूला सरकले, म्हणाले, "ये. बस. सगळं खोटं छापते लेकाचे." मी अर्धा तास बसलो. चहा प्यायलो. बोलायला आलो होतो, आणि जिना चढून परत वर आलो.

हे लिहिलं ते रायपुरातल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी. काका अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. म्हणजे अंक छापून येण्याआधी मला खाली जावं लागेल, कारण हे त्यांनी छापलेलं वाचून कळू नये. त्यांच्या डोळ्यांनी त्या सकाळी बरोबर पाहिलं होतं. त्यांनी पाहिला तो पेपर खरंच कोरडा होता. तो मी ठेवला होता, आणि काकूंच्या पायानं सांगितलं ते खरं होतं. एवढं त्या दोघांना तोंडानं सांगायचं देणं मी लागतो, आणि ते अजून सांगितलेलं नाही.